परत ओलांड

गाडीत सगळ्यात आधी चढला तो प्रेशर कुकर. माझी उशी, गमबूट, पुस्तकांचं खोकं, सगळं अजून ड्राइव्हवेवर दवात भिजत पडलं होतं, आणि आई मात्र कुकर मागच्या सीटखाली नीट बसतोय ना, शिट्टी वेगळ्या फडक्यात बांधलीय ना, ते बघत होती. हॉस्टेलमध्ये तिन्ही वेळचं जेवण मिळतं, खोलीत शेगडी लावायला बंदी आहे, हे मी तिला महिनाभर सांगत होते. "मिळू दे की जेवण," ती म्हणायची, "पण वरणभात मिळतो का?" खरं सांगायचं तर वाद घालायच्या मनःस्थितीत मी नव्हतेच. पहाटेपासून माझे पाय जमिनीवर ठरत नव्हते. ऑकलंडच्या माउंट वेलिंग्टन भागातलं आमचं ते भाड्याचं घर, त्याची कुरकुरणारी लाकडी डेक, पलीकडच्या मॉलचे अजून न विझलेले दिवे, सगळ्याकडे मी जरा मोठेपणाने बघत होते. मी चालले होते. घर सोडून, आईबाबांना सोडून, एकटी. अठरा वर्षांच्या मुलीला याहून जास्त काय हवं असतं? बाबांनी डिकी दोनदा उघडली, दोनदा लावली आणि म्हणाले, "वैजू, आता एक तर तू बसशील नाहीतर चिवड्याचा डबा. ठरवा मायलेकींनी." आईने विचार करायला जरा जास्तच वेळ घेतला.

मी निघाले होते पामर्स्टन नॉर्थला, गुरांची डॉक्टर व्हायला. पुण्याला आत्याला फोनवर हे सांगितलं तेव्हा पलीकडे इतकी शांतता पसरली की बाबांना वाटलं फोनकार्ड संपलं. मग आत्या म्हणाली, "अरे, माणसांची नाही का होता येत तिकडे?" मला नव्हतं व्हायचं माणसांची. गुरांची व्हायचं होतं आणि देशभरात ते शिकवणारं गाव एकच होतं, ऑकलंडहून अख्ख्या दिवसाच्या अंतरावर. पण आमच्या घरात अजून होकार पक्का नव्हता. ऑकलंडच्या कॉलेजात कॉम्प्युटरची जागा मी राखून ठेवली होती, म्हणजे ठेवायला लावली होती. आईची अट सरळ होती. "मी बरोबर येणार. खोली बघणार, आजूबाजूची माणसं बघणार. माझं मन घट्ट झालं तर राहा. नाही झालं तर याच गाडीतून परत." बाबांनी हात वर केले. "तुझ्या आईचं मन हे माझ्या खात्यात येत नाही," एवढंच म्हणाले. त्यामुळे मी नाचत होते खरी, पण सामान एकतर्फी निघालंय की जाऊन-येऊन, हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

आईचं मन का घट्ट होत नव्हतं, ते मला कळत होतं. ती तोंडाने म्हणायची "इतक्या लांब", पण कारण लांबचं नव्हतं, जवळचं होतं. तीन वर्षांपूर्वी आम्ही आलो तोपर्यंत आई पुण्यात मराठी शाळेत तिसरीच्या वर्गावर होती. पन्नास पोरांना नुसत्या भुवईने गप्प करायची. रिक्षावाल्याशी, भाजीवालीशी, शिक्षणाधिकाऱ्याशी, कुणाशीही सारख्याच दणक्यात बोलायची. इथे आल्यावर पहिल्याच आठवड्यात कुणीतरी तिला सांगितलं की कोपऱ्यावर डेअरी आहे. डेअरी म्हटल्यावर आई स्टीलची किटली घेऊन निघाली. इथे डेअरी म्हणजे कोपऱ्यावरचं किराणा-लॉलीचं दुकान, हे आम्हाला कुठे माहीत? काउंटरवर किटली ठेवून तिने "टू लिटर" म्हटलं. दुकानदार बिचारा भला होता. त्याने किटली उचलून बघितली, झाकण उघडून आत बघितलं आणि किंमत किती म्हणून विचारलं, कारण त्याला वाटलं ही बाई विकायला आलीय. रांगेतली माणसं हसली. वाईट नाही हसली, पण हसली. आई किटली घेऊन घरी आली आणि त्या दिवसापासून बाहेर गेली की तिचं तोंड बंद झालं.

तेव्हापासून तिचं तोंड म्हणजे मी. बँकेत मी, बसमध्ये मी, शेजारीण कुंपणावरून काही म्हणाली तर आतून हाक मला. डॉक्टरकडे तर फारच पंचाईत. बाईमाणसाची दुखणी मी पंधराव्या वर्षी एका अनोळखी डॉक्टरला इंग्रजीत समजावून सांगत होते आणि आई भिंतीवरच्या तक्त्याकडे बघत होती. तिला इंग्रजी येत नव्हतं असं नाही, वाचायची सगळं. पण तिचं वाक्य जुळेपर्यंत समोरचा "यू ओके?" म्हणायचा आणि जुळत आलेलं वाक्य विस्कटायचं. मग मी पटकन पुढे व्हायचे. मला ते फार भारी वाटायचं तेव्हा, खोटं कशाला बोलू? आज माझी मुलगी माझ्या मराठीला इंग्रजीत उत्तर देते आणि वर "मम, तू नको, मी बोलते" म्हणते, तेव्हा मी जो राग गिळते तो आईने तीन वर्षं रोज गिळला असणार. आता मी गेले की ती गप्पच होणार, बाबा दिवसभर ऑफिसात, घरात ती आणि भिंती. हे ती बोलली नाही. मीही बोलले नाही. कुकर मात्र गाडीत आधी चढला.

आमची गाडी जपानहून आलेली जुनी. किल्ली फिरवली की आतून एक बाई जपानीत काहीतरी सांगायची. काय सांगायची ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही, पण आई रोज तिला "बरं बाई" म्हणायची. त्या दिवशीही म्हणाली. ऑकलंड संपता संपता एक बॉम्बे नावाचं गाव लागतं. तिथे बाबा दर वेळी करायचे तो विनोद त्यांनी केला, "चला, बॉम्बे आलं, दादरवाले उतरा," आणि मी दर वेळी लावायचे तसा कपाळाला हात लावला. काचा खाली केल्या होत्या. उन्हाळ्याचे शेवटचे दिवस, दोन्ही बाजूंना पिवळे पडलेले डोंगर, त्यांच्यावर मेंढ्या, गाई, पुन्हा मेंढ्या. मी गाईंच्या जाती मोठ्याने ओळखत होते. "ती फ्रीजियन. ती जर्सी. ते क्रॉस." बाबा म्हणाले, "सगळ्यांची ओळख करून दिलीस तर पोचायला पुढचा आठवडा उजाडेल."

टाउपोच्या तळ्याकाठी थांबून आम्ही जेवलो. तिखटमिठाच्या पुऱ्या, बटाट्याची सुकी भाजी, कैरीचं लोणचं, थर्मासमधला चहा. पुऱ्या आदल्या रात्रीच्या, जरा चिवट झालेल्या, आणि अशा चिवट पुरीला जी चव येते ती गरम पुरीला येत नाही. समोर समुद्राएवढं तळं, त्यात टॉग्ज, म्हणजे पोहायचे कपडे, घालून डुंबणारी पोरं, आणि पाणबदकं आमच्या पुऱ्यांवर डोळा ठेवून. आई माझ्या ताटलीत भाजी वाढत राहिली. तिथून पुढे रस्ता ओसाड माळावर चढला, मग उतरला, आणि दुपार कलायला लागली तेव्हा बुल्स नावाचं गाव आलं. अख्ख्या गावाचं नाव वळू. बाबांना हर्षवायू व्हायचा बाकी राहिला. "वैजू, तुझं गिऱ्हाईक आलं," म्हणाले. आई हसली. त्या दिवसातलं तिचं ते पहिलं हसू आणि मला उगीचच वाटलं, जमलं.

हॉस्टेलच्या आवारात जत्रा भरली होती. सगळीकडे गाद्या, गिटारी, सायकली, एका पोराच्या हातात तर जिवंत कोंबडी. पायात जँडल्स नावाच्या रबरी चपला, तोंडात "हीप्स" आणि "स्वीट ॲज" असली इथली बोली. नाव नोंदवणाऱ्या मुलीने माझं नाव वाय-जू केलं, किल्ली दिली आणि म्हणाली, "युअर बीड इज बाय द विंडो." इथली माणसं बेडला बीडच म्हणतात, मला सवय झाली होती. आई चमकली. "बीडचं काय म्हणतेय ती? बीडची कोण मुलगी आहे का इथे?" एवढ्या प्रवासानंतर पहिल्यांदा तिच्या आवाजात आशा होती. मी समजावलं, बेड गं आई, पलंग. "मग पलंग म्हणावं," आई म्हणाली आणि तिने पिशव्या उचलल्या.

माझी खोली दुसऱ्या मजल्यावर, लांबलचक कॉरिडॉरच्या टोकाला. मी पुढे, हातात मसाल्यांचं खोकं, मागे आई पिशव्या घेऊन, सगळ्यात मागे कुकर आणि बाबा. कॉरिडॉरमध्ये माझ्या खोलीच्या जरा अलीकडे एक मुलगी भिंतीला टेकून, पाय पसरून बसली होती. पाय एवढे लांब की समोरच्या भिंतीला टेकले होते. मला धीर कुठे होता? खोली दिसत होती, दारावर माझं नाव चिकटवलेलं दिसत होतं. मी "सॉरी सॉरी" म्हणत टुणकन उडी मारली आणि त्या पायांवरून पलीकडे गेले.

"वैजू," मागून आवाज आला. "परत ओलांड."

हा आवाज मी तीन वर्षांत ऐकला नव्हता. हा तिसरीच्या वर्गातला आवाज. या आवाजावर विचार करायचा नसतो, आधी करायचं असतं. मी जागच्या जागी वळले आणि खोक्यासकट त्या मुलीचे पाय पुन्हा ओलांडून आईशेजारी येऊन उभी राहिले. आमच्या घरात तुमच्याही घरात असेल तसंच होतं. माणसाला ओलांडायचं नाही, त्याची उंची खुंटते. चुकून ओलांडलंच तर तसंच परत यायचं, म्हणजे फिटलं. पाळण्यात असल्यापासून कानावर पडलेली गोष्ट. आई समाधानाने "हं" म्हणाली.

ती मुलगी हळूहळू उभी राहिली. उभी राहायला तिला बराच वेळ लागला, कारण उभं राहायला तिच्याकडे बरंच काही होतं. बाबांपेक्षा वीतभर उंच. चेहरा एकदम बंद. "तू मला ओलांडलंस," ती इंग्रजीत म्हणाली, "दोनदा." आवाज चढलेला नव्हता, म्हणून जास्त भीती वाटली. "आमच्यात माणसाला ओलांडत नाहीत. ते फार वाईट असतं. एकदा झालं तर मी म्हटलं, तुला माहीत नसेल. पण तू वळून मुद्दाम पुन्हा केलंस." ती माओरी होती, इथल्या मूळच्या लोकांपैकी, एवढं मला कळलं होतं. जे तोंडात आलं ते मी बोलले आणि ते नेमकं सगळ्यात वाईट होतं. मी म्हटलं, "माझ्या आईने करायला सांगितलं."

कॉरिडॉरमधली चार दारं उघडली. सगळे आईकडे बघायला लागले. कॉम्प्युटरची राखीव जागा माझ्या डोळ्यांसमोर आली. आता आई म्हणणार, बघितली माणसं, चला. पहिल्या पाच मिनिटांत भांडण, आणि तेही मुलखाच्या उंच मुलीशी. मी खोकं खाली ठेवलं, घसा साफ केला, नेहमीसारखी आईच्या आणि जगाच्या मधे उभी राहिले आणि समजावून सांगायला सुरुवात केली, "ॲक्चुअली, इन अवर कल्चर..."

"थांब," आई म्हणाली. "मी सांगते."

तिने पिशव्या भिंतीशी ठेवल्या. पदर खोचला, साडी नव्हती, पंजाबी ड्रेस होता, म्हणून ओढणी खोचली. फळ्यासमोर उभी राहावी तशी उभी राहिली आणि हाताची दोन बोटं पायांसारखी करून दुसऱ्या हाताच्या तळव्यावर चालवत म्हणाली, "लुक. फूट गो लाइक धिस. व्हेरी बॅड. माय डॉटर, बॅड. इफ फूट गो, यू नॉट ग्रो." बोटं थांबली, वळली, तळव्यावरून मागे आली. "सो फूट कम बॅक. सेम वे. नाऊ फिनिश. नाऊ यू ग्रो."

मुलीने आईकडे बघितलं. मग स्वतःच्या पायांकडे बघितलं. "आय ग्रो?" ती म्हणाली. "अजून?"

आईने मान वर करून, वर करून, तिचा चेहरा गाठला. "एनफ," आई म्हणाली. "यू स्टॉप नाऊ."

ती मुलगी एवढ्या जोरात हसली की जिन्यातून तिची आई दुलई कवटाळून धावत वर आली, तिला वाटलं पोरगी रडतेय. मुलीचं नाव मरामा. तिच्या आईला तिने सगळं सांगितलं. दोन उड्या, हुकूम, बोटांचा पाय. बाई दुलईच्या वरून आधी माझ्याकडे गंभीरपणे बघत राहिली, मग आईकडे वळली. "किआ ओरा," तिने माओरीत नमस्कार केला. "ओलांडायचं नाही, ते आमच्यात पण आहे. पण परत येऊन फेडायचं, हे मी कधी ऐकलं नव्हतं. तुमच्यात रिव्हर्स गिअर आहे की." आईला रिव्हर्स गिअर कळलं. ती मान डोलावून म्हणाली, "यस, यस. अवर साइड, रिव्हर्स इज देअर." आणि मग तिने जे विचारलं ते तीन वर्षांत तिने या देशात कुणालाच विचारलं नव्हतं. कुणालातरी आपण होऊन विचारलेली ती पहिली गोष्ट. "पिलो? सिट?"

"नेव्हर," मरामाची आई म्हणाली. "डोकं ठेवायच्या जागी बसायचं नाही."

"टेबल?"

"नेव्हर एव्हर."

"किचन क्लॉथ, विथ अदर क्लॉथ, वॉशिंग मशीन?"

मरामाच्या आईने डोळे मिटून घेतले. तो विचारही तिला सोसेना. आई माझ्याकडे वळली, चेहऱ्यावर जिंकल्याचा आनंद. "ऐक," म्हणाली, "ऐक जरा. मी सांगते तेव्हा तुला जुनाट वाटतं."

पुढचा तासभर काय झालं ते मी आणि बाबा खालच्या हिरवळीवर बसून नुसतं बघत होतो. मरामाची आई ताइहापे गावाच्या बाजूची, घरी गाई, बोलणं सावकाश, आणि आईचं वाक्य जुळेपर्यंत ती थांबायची. "यू ओके?" म्हणायची नाही. गवताची काडी चावत थांबायची. आईला तेवढंच हवं होतं. विंचरलेले केस कुठे टाकायचे, मेलेल्याच्या घरून आल्यावर काय करायचं, पाहुण्याला काही खायला न देता पाठवलं तर काय होतं, सगळे विषय निघाले. उरलेल्या पुऱ्या गेल्या. थर्मास पालथा झाला. तिकडून अंड्याची सँडविचेस आली, आईने आतली अंडी टाळून पाव खाल्ला आणि "व्हेरी टेस्टी" म्हणाली. व्याकरणाच्या नावाने आनंद होता. काळ सगळे एकत्र नांदत होते. पण ती बोलत होती, हात हलवून, भुवया उडवून, मधे मधे थेट मराठी घालून. आई तिला "मरामाज मदर" म्हणत होती, पुण्याच्या आमच्या सोसायटीत आईला सगळ्या वैजूच्या आई म्हणायच्या तसं, आणि ती बाई बिनतक्रार "वायजूज मदर" म्हणत होती. एकदा आई एका शब्दाला अडली. मी सवयीने पुढे झाले. आईने माझ्याकडे न बघताच हाताने मागे सारलं.

बाबा माझ्या कानाशी आले. "वैजू," म्हणाले, "आपली नोकरी गेली."

मी हसले. आणि हसता हसता माझ्या पोटात खड्डा पडला, हेही सांगायला हवं. मला मोकळं व्हायचं होतं, पण आईने मला इतक्या सहज मोकळं केलेलं मला चालणार होतं की नाही, याचा विचार मी केलाच नव्हता. आज मी त्या वेळच्या आईच्या वयाची झाले आहे. आई आता पालिकेच्या माणसांशी फोनवर इतकी भांडते की ते तिला आवाजावरून ओळखतात. मरामा अजून माझी सगळ्यात जवळची मैत्रीण आहे. पण त्या हिरवळीवरचा तो खड्डा अजून तसाच आठवतो, आनंदाच्या बरोबर मधोमध.

उन्हं उतरली. बाबांना रात्रीसाठी मोटेल गाठायचं होतं. मला अजून निकाल कळलेला नव्हता आणि आईच्या तो लक्षातही राहिला नव्हता. ती गाडीकडे निघाली तेव्हा शेवटी मीच विचारलं, "आई, मग? राहू ना मी?"

"कुठे?" आई म्हणाली. मग तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिने माझ्याकडे नीट बघितलं, माझ्या कानामागे केस सारले, तिचे डोळे भरून आले आणि तिने ते पुसायची घाई केली नाही. "राहा की," म्हणाली. "राहा. खूप शीक. माझं होईल."

मी तिला मिठी मारली. आमच्यात मारत नाहीत एवढी घट्ट मारली. बाबा स्टिअरिंगवर बसून समोरच्या भिंतीकडे फार लक्ष देऊन बघत होते. मरामा आणि तिची आई शेजारी येऊन उभ्या राहिल्या होत्या. गाडी सुरू झाली, दोन फूट पुढे गेली आणि आईने बाबांना थांबवलं. काच खाली केली. मला वाटलं काहीतरी राहिलं सांगायचं, जेवणाचं, औषधाचं. मी पुढे वाकले. पण ती माझ्या खांद्यावरून पलीकडे बघत होती, आणि आवाज वर्गातला होता, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा.

"मरामाज मदर. यू कम ऑकलंड. माय हाउस. ईट, स्लीप, टॉक. ब्रिंग मरामा." मग तिने माझ्याकडे बोट दाखवलं. "अँड ब्रिंग धिस वन ऑल्सो."

मरामाची आई गाडीच्या काचेपर्यंत खाली वाकली, माझ्या दंडाला धरून मला स्वतःकडे जरा ओढलं आणि म्हणाली, "आणते."

सवयीने माझं तोंड उघडलं होतं. पण दोघींच्या मधे मी समजावून सांगावं असं काही उरलंच नव्हतं.